वस्ता नामिकचा चकोर

आस्मरला कुणी विचारलं असतं की बाई, तुझ्या नवऱ्याला बायका किती, तर तिने बेधडक सांगितलं असतं, दोन. एक ती स्वतः आणि दुसरी ती पिंजऱ्यातली. दुसरी नर होती, तिला लाल चोच होती आणि गळ्याला काळा पट्टा होता, एवढाच काय तो फरक. पण लाड सगळे सवतीचे. आस्मरच्या वाट्याला बदाम यायचे ते नवरोजच्या सणाला, पाहुणे उठून गेल्यावर तबकात उरले तर. चकोराला मात्र रोज सकाळी सोललेले बदाम, तेही नवऱ्याच्या, वस्ता नामिकच्या हातून, एकेक करून. उन्हाळा लागला की हा वस्ता, म्हणजे मिस्त्री, गवंडीकाम टाकून केवरश डोंगराच्या उतारावर नाकतोडे धरत फिरायचा. घरातला नळ महिनोन्‌महिने गळायचा. त्याला वेळ नाही, नाकतोड्यांना आहे.

"हा मेला ना, की अख्ख्या गल्लीला जेवण घालीन," आस्मर म्हणायची.

"कोण? मी की तो?"

"जो आधी जाईल तो."

आधी वस्ताच गेला. जन्मभर सिमेंटची धूळ खाऊन छातीचं खोकं झालं होतं. थंडीत सुलेमानी शहरातल्या इस्पितळात नेलं, आणि तिथून आणला तो कांबळ्यात गुंडाळूनच. गल्लीला जेवण घालावं लागलं. भाताच्या पातेल्यापाशी उभी राहून आस्मर सगळ्यांना वाढत होती आणि तिला आपले ते शब्द आठवत होते. मेल्या जिभेला काही हाड असतं का, असं तिला झालं.

आणि ही सवत राहिली मागे. नाव आझा, म्हणजे शूर. पुस्तकातला चकोर म्हणे चांदणं पितो. आमच्या रानिया गावातला चकोर गहू खातो, बदाम खातो आणि वसंत आला की समोरच्या नराचं डोकं फोडतो. माम खिदिरच्या चहाखान्यात शुक्रवारच्या नमाजानंतर मधल्या जागेत जुना नमदा, लोकरीचं जाजम, अंथरतात, माणसं भोवती उकिडवी बसतात आणि दोन नर सोडतात. जो पाठ फिरवून पळाला तो हरला. आझाने पाठ कशी फिरवतात तेच पाहिलं नव्हतं. चहाच्या बंबाच्या, समोवारच्या वरच्या भिंतीवर न हरलेल्यांचे फोटो लावायची माम खिदिरची रीत होती, पक्ष्यांचे नव्हे, मालकांचे. त्यात वस्ता नामिकचा होता, फेटा एका कानावर, मिश्या ताठ. आत येणारा प्रत्येक जण त्या फोटोंना सलाम घालून मग चहा सांगायचा.

या भिंतीचा एक नियम होता. मालक मेला, तर पुढच्या वसंतात घरच्यांनी पक्षी शेवटचा एकदा उतरवायचा. जिंकला तर फोटो कायमचा. हरला किंवा उतरलाच नाही, तर फोटो खाली.

इस्पितळात वस्ता नामिकला बोलवत नव्हतं, तरी हे त्याने बोलून घेतलं. धाकटा भाऊ सरबस्त उशाशी बसला होता, आस्मर पायाशी.

"आझाला उतरव," तो सरबस्तला म्हणाला. "एकदाच." मग बायकोकडे बघितलं. "तू देशील ना?"

"हो," आस्मर म्हणाली.

एवढंच झालं. पण झालं होतं खरं, आणि सरबस्तने ते ऐकलं होतं.

वस्ता गेल्यावर पक्ष्याला दाणापाणी घालणं आस्मरवर आलं. पहिल्या दिवशी ती आपला हिरवा चमचमता झगा घालून पिंजऱ्यापाशी गेली, तर आझा असा काही उसळला की पिंजऱ्याच्या काड्यांवर डोकं आपटून रक्त काढलं. दुसऱ्या दिवशी तेच. वाटी आत सरकवायला गेली तर बोटाचा लचका.

"तुझ्या आयला!" आस्मर ओरडली. "मर उपाशी."

भिंतीपलीकडून पिरोजने डोकं वर काढलं. पिरोज तिची शेजारीण, दोघींचा तंदूर सामाईक. "अगं, त्याला तुझे कपडे नको आहेत. त्याला वस्ता हवाय."

"मग कबरीत जाऊन खा म्हणावं."

पण दुपारी आस्मरने खुंटीवरचा नवऱ्याचा तपकिरी कोट काढला. कोपरापाशी विटलेला, खिशात अजून तंबाखूची धूळ. तो अंगात चढवला तसा त्याचा वास एकदम अंगावर आला, आणि ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग पिंजऱ्यापाशी गेली. आझाने मान वाकडी केली, एका डोळ्याने तिला न्याहाळलं आणि कोटाच्या बाहीपाशी येऊन उभा राहिला. बदाम तिच्या हातून घेतला. त्या दिवसापासून रोज सकाळी कोट घालायचा, मग पिंजरा उघडायचा. पक्षी अंगणात सुटला की कोटाच्या मागे मागे फिरायचा, ती बसली की कोटाच्या घेरात डोकं खुपसायचा.

"बाई, नवरा झालीस की काय?" पिरोज हसली.

"मिश्या तेवढ्या राहिल्यात. येतील."

थंडी सरता सरता आझाचं डोकं सुजलं. मागच्या वसंतातली जखम वरून बुजली होती, आत पू धरला होता. उजवा डोळा मिटला. आता हे काम आस्मरला नवं नव्हतं. झुंज जिंकून वस्ता घरी यायचा तो मित्रांच्या खांद्यावर हात टाकून, हसत, आणि पिंजरा तिच्या हातात द्यायचा. रक्त बघितलं की त्याला घेरी यायची. एवढा भिंती चढणारा माणूस, पण पक्ष्याला धरून बसायचा तो डोळे मिटून. धुवायचं, सोललेली कातडी जागेवर बसवायची, हे सगळं आस्मरने. जिंकल्याचा चहा चहाखान्यात, आणि हे घरी.

यंदा धरायलाही कुणी नव्हतं. तिने पक्षी कोटात गुंडाळून मांडीत घेतला, तापवलेल्या सुईने जखम फोडली आणि मिठाच्या पाण्याने धुतली. आझा धडपडला नाही. नुसता थरथरत राहिला. डोक्याच्या कातडीखाली हाड दिसत होतं, पांढरं. आस्मरने ते आधीही पाहिलं होतं. पण तेव्हा शेजारी नवरा असायचा, बोलत असायचा, आझाने कसं धरलं, समोरचा कसा कोलमडला. त्याच्या बोलण्यात ते हाड बाजूला पडायचं. आता अंगणात कुणी बोलत नव्हतं, आणि तिला दुसरीकडे बघता येईना.

"का रे भांडतोस एवढा?" तिने विचारलं. "काय मिळतं तुला?"

मग तिचं तिलाच कळलं. झुंजीच्या आधी शेजारच्या पिंजऱ्यात मादी ठेवतात. तिचा आवाज ऐकून नर तापतो. मग समोर दुसरा नर आणतात. आझाला वाटतं, हा माझ्या घरात शिरलाय. तो काही नामिकच्या फोटोसाठी भांडत नव्हता. आपलं घर राखायला भांडत होता, आणि त्याला घरच नव्हतं. सगळ्यांनी मिळून त्याला फसवलं होतं आणि वर शूर म्हणून नाव ठेवलं होतं. हे सुचल्यावर आस्मरला असा संताप आला की हातातली सुई तिने अंगणाच्या पार टोकाला फेकली. नंतर शोधायला अर्धा तास गेला.

नवरोज जवळ आला तसा सरबस्त आला. चांगला माणूस होता तो. भावाच्या आजारपणात आपली मिनीबस उभी करून इस्पितळात राहिला होता, तिची रॉकेलची टाकी भरून द्यायचा. म्हणूनच त्याला नाही म्हणणं अवघड होतं.

"वहिनी, आझाला नेतो आता. तापवायला थोडे दिवस लागतील. हाजी वसमानच्या नराशी ठरवलंय."

"चहा घे."

"घेतो. पिंजरा कुठाय?"

"आझा उतरणार नाही, सरबस्त."

तो हसला. त्याला वाटलं थट्टा आहे. मग तिचं तोंड बघून हसू गेलं. "बरा झालाय ना तो? डोळा उघडलाय. परवा बघितलं मी."

"बरा झालाय. तसाच राहू दे."

"वहिनी, दादाने सांगितलंय."

"मला ठाऊक आहे काय सांगितलंय ते."

"तू हो म्हणालीस. माझ्यासमोर."

"म्हणाले. मरणाऱ्या माणसाला नाही कोण म्हणतं? तू म्हणशील?"

सरबस्तने पेला बशीत ठेवला. "म्हणजे खोटं बोललीस."

"तेव्हा नव्हतं खोटं," आस्मर म्हणाली. "आता झालंय. काय करू?"

"काय करू म्हणजे? शब्द पाळ! त्याचा फोटो उतरवतील. माझ्या भावाचा. एवढा जन्मभर भिंती बांधल्या त्याने, सगळ्या दुसऱ्यांच्या. एक ती भिंत त्याची. तीही घेणार तू?"

हे तिच्या वर्मी लागलं. बाजारात जाताना ती चहाखान्याच्या दारासमोर मुद्दाम सावकाश चालायची, आतला फोटो ओझरता दिसायचा. लोक त्याला सलाम करताना दिसले की तिचा दिवस बरा जायचा. हे तिने पिरोजलाही सांगितलं नव्हतं.

"घरी लावीन मी फोटो," ती म्हणाली.

"घरी! घरी कोण बघतंय?"

"मी बघतेय ना."

सरबस्त उठला. दारापर्यंत गेला आणि वळला. "बायकांचं हे असंच. जिवंत असताना त्या पक्ष्याला शिव्या, आणि आता माया."

"हो, असंच," आस्मर म्हणाली. "चालता हो."

शुक्रवारी सकाळी आस्मर पिरोजच्या अंगणात भाकऱ्या भाजत होती. बायका होत्या, पोरीबाळी होत्या, नवरोजच्या खरेदीचं बोलणं चाललं होतं. नमाज सुटून बराच वेळ झाला तेव्हा गरम भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन ती घरी आली. दार नुसतं लोटलेलं. व्हरांड्यात पिंजऱ्याची खुंटी रिकामी. खाली गव्हाचे दाणे सांडलेले आणि एक पीस.

"पिरोज!" तिने अशी हाक मारली की पिरोज पिठाच्या हातांनी धावत आली.

"नेला?"

"नेला मेल्याने. चोर कुठला!"

"आता गं? आता तर सुरूही झालं असेल."

"सुरू झालं तर बंद होईल."

"अगं, चहाखान्यात जाणार तू? पुरुषांत?"

"मग काय वाघांत चाललेय? त्यांच्या बायकांच्या हातच्या भाकऱ्या आत्ता मीच तंदुरातून काढल्या." तिने खुंटीवरचा कोट ओढला. कोट नसेल तर परत आणताना आझा पिंजऱ्यात डोकं आपटून घेईल, एवढाच विचार तिच्या मनात होता. बाह्यांत हात घालत घालतच ती रस्त्याला लागली.

बाजारातून ती गेली तेव्हा लोकांनी तोंडात बोटं घातली. हिरवा झगा, वर मेलेल्या नवऱ्याचा कोट, डोक्यावरची ओढणी मानेवर आलेली. कांदेवाला म्हणाला, "आस्मर ताई, सगळं ठीक ना?" ती म्हणाली, "नाही," आणि पुढे गेली.

चहाखान्याच्या दारात ती थांबली. आत धूर, समोवारची वाफ आणि पाठीच पाठी. सगळे गोल करून बसलेले. दोन पाठींच्या मधून तिला नमदा दिसला. आझाने हाजी वसमानच्या नराला मानगुटीला धरलं होतं आणि नमद्यावर फरफटवत होता. तो जिंकत होता. त्याचं डोकं पुन्हा फुटलं होतं, तिने जिथे सुई घातली होती तिथेच, आणि रक्त चोचीपर्यंत ओघळलं होतं. चोच मुळातच लाल, म्हणून कुणाला कळलं नसेल. तिला कळलं.

"सरबस्त!" ती आत शिरून ओरडली.

सगळी डोकी वळली. आझाचंही.

आता हे आस्मरला ठाऊक नव्हतं का? रोज तो कोटाच्या मागे फिरतो, कोट दिसला की त्याला दुसरं काही दिसत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण रागात माणसाला आपल्या अंगावर काय आहे ते कळत नाही. आझाने समोरच्याची मान सोडली. पाठ फिरवली. आणि नमदा ओलांडून, बसलेल्या माणसांच्या गुडघ्यांमधून तुरुतुरु धावत तिच्या पायाशी आला आणि कोटाच्या घेरात डोकं खुपसलं. मागून हाजी वसमानचा नर उडी मारून त्याच्या पाठीवर बसला आणि टोचू लागला. आस्मरने त्याला हाताने उडवलं आणि आझाला उचलून कोटात घेतलं.

मग जो गलका झाला! "पळाला!" "आझा पळाला!" "अरे कसला पळाला, बाई मधे आली!" "पाठ फिरवली ना? मग झालं!" "वस्ताचा कोट आहे तो, कोट बघून गेला!" कुणाचा पेला फुटला. सरबस्त दोन्ही हात डोक्याला लावून तसाच उकिडवा राहिला होता.

माम खिदिरने चिमटा समोवारवर आपटला. पाठीत वाकलेला म्हातारा, पण त्या चिमट्यापुढे कुणी बोलत नसे. "गप बसा. गप रे! काय बाजार मांडलाय? आस्मर, लेकी, तू काय केलंस हे?"

"माझा पक्षी न्यायला आले, माम खिदिर."

"पक्षी न्यायचा तर दारातून हाक मारायची. आत कशाला यायचं?" त्याने मान हलवली. मग बाकीच्यांकडे बघितलं. "ही झुंज धरायची नाही. पक्षी भिऊन पळालेला नाही. तो वरचढ होता, सगळ्यांनी पाहिलंय. हाजी वसमान, तुझं काय म्हणणं?"

हाजी वसमान जाडजूड, लाजाळू माणूस. आपल्या नराला फेट्याच्या टोकाने पुसत होता. "मला असली जीत नको बाबा. जन्मभर लोक म्हणतील, हाजी कोटाशी झुंजून जिंकला."

सगळे हसले. बरं वाटलं सगळ्यांना.

"ठरलं तर," माम खिदिर म्हणाला. "दोघांना पाणी पाजा. दम खाऊ दे. मग पुन्हा सोडा."

सरबस्त उठला. त्याचे डोळे भरले होते. रागावला नव्हता तो, उलट त्याचा चेहरा एकदम लहान पोरासारखा झाला होता. त्याने दोन्ही हात पुढे केले. "वहिनी, दे. थोडंच राहिलंय. तू बघितलंस ना, कसा धरला होता त्याने? दे गं. दादा कायमचा राहील तिथे."

आस्मरने वर बघितलं. नामिक भिंतीवरून बघत होता, फेटा कानावर. फोटो काढला त्या दिवशी त्याने मिश्यांना लोणी लावलं होतं आणि ती हसून हसून बेजार झाली होती. तिला तो तिथे हवा होता. देवाशपथ हवा होता. आझा जिंकतच होता. थोडा वेळ डोळे मिटले की झालं, मग घरी नेऊन डोकं धुवायचं, आजवर धुतलंच होतं. चहाखान्यातला एकही माणूस तिला बोल लावणार नव्हता. उलट सगळे म्हणाले असते, बाईने नवऱ्याचा शब्द राखला.

कोटाच्या आत आझाचं काळीज तिच्या बरगड्यांवर धडधडत होतं.

"माम खिदिर," ती म्हणाली, "या पक्ष्याचा मालक कोण?"

"ज्याच्या हातचं खातो तो. हा नियमच आहे."

"मग मीच मालक. आणि मी त्याला उचललाय."

झुंजीतून पक्षी उचलायचा हक्क फक्त मालकाचा, आणि उचलला म्हणजे हार, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"लेकी, नीट विचार कर," माम खिदिर सावकाश म्हणाला. "उचलला असशील तर तोंडाने बोलावं लागेल, सगळ्यांसमोर. वस्ता नामिकचा चकोर हरला, असं. मी फोटो उतरवीन, आणि परत तो लागणार नाही. नाहीतर खाली ठेव, आणि झुंज होऊ दे."

"वहिनी," सरबस्त म्हणाला, "तू त्याला हो म्हणाली होतीस."

"म्हणाले होते." आस्मरचा आवाज चढला. "मला काय आनंद होतोय का रे? मला वाटत नाही का तो तिथे राहावा? पण या पक्ष्याला तुम्ही काय सांगितलंत? तुझ्या घरात चोर शिरलाय म्हणून सांगितलंत. मादीचा पिंजरा शेजारी ठेवलात आणि म्हणालात, जा, राख. त्याला कुठलं घर? त्याला कुठली बायको? दोघं एका डोंगरावरचे. एका झऱ्याचं पाणी प्यायलेले." ती थांबली, मग बोललीच. "माझ्या भावालाही असंच सांगितलं होतं. आपल्याच लोकांची आपसांत, भावाभावांची लढाई चालली होती तेव्हा. दुसरे आपल्या घरात शिरतायत म्हणाले. मारला त्याला तो आपल्याच माणसांनी, या शेजारच्या गावातल्यांनी. त्यांनाही तेच सांगितलं होतं. मग त्याचा फोटो लावला की एक भिंतीवर, शूर म्हणून. तो फोटो माझ्या आईने किती वर्षं पुसला."

त्या लढाईत इकडून असलेले आणि तिकडून असलेले, दोन्ही तिथे बसून एकाच समोवारचा चहा पीत होते. हाजी वसमानने खाली मान घातली.

आस्मरने तोंड उघडलं.

"वस्ता नामिकचा चकोर हरला," ती म्हणाली. मग, कुणी ऐकलं नाही असं नंतर म्हणू नये म्हणून, पुन्हा मोठ्याने म्हणाली. "वस्ता नामिकचा चकोर हरला."

माम खिदिर बाकावर चढला. चढताना एकाने त्याला धरलं. फोटो उतरवताना सगळे दुसरीकडे बघत होते, कुणी जमिनीकडे, कुणी आपल्या पेल्यात. त्याने बाहीने काच पुसली आणि फोटो आस्मरच्या हातात दिला.

"बहिणी," हाजी वसमान म्हणाला, "मी काही जिंकलो नाही."

"जिंकलास, हाजी. मी सांगतेय ना. आता घरी जा आणि त्याचं डोकं मिठाच्या पाण्याने धू. बायकोला सांगू नकोस, स्वतः धू."

सरबस्तने कोपऱ्यातला पिंजरा आणून तिच्या पुढ्यात ठेवला. तिच्याकडे बघितलं नाही. "हरलेला पक्षी," तो म्हणाला, "लोक पातेल्यात घालतात. तू बस पूजत. आजपासून तुझ्या दाराशी माझी बस थांबणार नाही."

"बरं," आस्मर म्हणाली. सासरचं एवढं एकच माणूस तिला उरलं होतं. तिने आझाला आत ठेवून पिंजरा उचलला.

घरी जाण्याऐवजी ती कबरस्तानाच्या वाटेला लागली. चढण होती, एका हातात पिंजरा, काखेत फोटो, आणि कोटात घामाघूम. वस्ता नामिकच्या कबरीवर अजून दगड बसला नव्हता, मातीच होती, तिच्यावर कोवळं गवत फुटलं होतं. तिने पिंजरा खाली ठेवला आणि शेजारी मांडी घातली. आझा पिंजऱ्याच्या तळाशी बसून होता, पंखांत मान घालून.

"हरलास तू आज," ती कबरीला म्हणाली. "ऐकतोयस ना? आणि त्या हाजीने नाही हरवलं तुला. मी हरवलं. सगळ्यांसमोर, तोंडाने बोलून. हो म्हणाले होते तुला, आणि नाही केलं."

खाली गावात कुठेतरी ढोल वाजत होता, नवरोजची तयारी.

"ते म्हणत होते, पुन्हा सोडू. जिंकला असता हा. तू कायमचा राहिला असतास तिथे, सलाम घेत. मला काय ते कळत नव्हतं होय? पण मग हाड दिसलं असतं पुन्हा, आणि तू नव्हतास रे शेजारी बडबड करायला. मला बघावं लागलं असतं." तिने ओढणीने नाक पुसलं. तो गेल्यापासून ती लोकांदेखत रडली होती, रीत म्हणून, बायकांच्या घोळक्यात. एकटीने ती आज रडली, मोठ्याने, कोटाची बाही तोंडात धरून.

मग ती उठली आणि गुडघ्यांची माती झाडली.

"रागाव," ती म्हणाली. "काय रागवायचं ते रागाव. उद्या येते, तेव्हा आणखी रागाव. रोज येणार आहे मी, तुझं सगळं ऐकून घेणार आहे. पण याला त्या नमद्यावर पुन्हा ठेवणार नाही."